दोन हत्ती लॉर्डांपुढे

१८८२ साली लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने एका तंट्याचा निकाल दिला. एका कागदावर दोन हत्ती होते. दुसऱ्या कागदावरही दोन हत्ती होते. हे हत्ती त्या हत्तींसारखे दिसतात का, एवढाच काय तो वाद. ब्रिटनमधले सर्वांत वरचे न्यायपीठ, खालच्या कोर्टातून तिथवर चढत आलेले अपील, दोन्हीकडचे वकील, आणि मध्ये सुताच्या गठ्ठ्यावर लावायची दोन तिकिटे. निकाल देणाऱ्यांत प्रमुख होते लॉर्ड चान्सेलर सेलबर्न. या गृहस्थांनी १८६२ मध्ये इंग्रजी भक्तिगीतांचे संकलन प्रसिद्ध केले होते. वीस वर्षांनी त्यांच्यावर मुंबईच्या बाजारातले हत्ती पारखण्याची वेळ आली, आणि तेही काम त्यांनी तितक्याच भाविकपणे केले.

‘जॉन्स्टन विरुद्ध ऑर युइंग’ या नावाने हा खटला कायद्याच्या अहवालांत छापलेला आहे. व्यापारचिन्हांचा कायदा शिकणारे लोक तो तत्त्वासाठी वाचतात. मी वाचतो हत्तींसाठी. रोजच्या वापरातल्या फुटकळ छपाईचा इतिहास लिहायला बसले की पहिलीच अडचण येते ती पुराव्याची. वस्तू वापरून संपते आणि तिच्यावरचा कागद त्याच्या कितीतरी आधी चुलीत गेलेला असतो. काडेपेटीचे लेबल, साबणाचे वेष्टन, लुगड्यावरचे तिकीट जपून ठेवावे असे कुणाला वाटणार? पण त्याच कागदावरून दोन व्यापारी भांडले की वकील येतात, साक्षी होतात, निकाल छापला जातो आणि कुणीच न जपलेली चिठ्ठी कायमची दप्तरी लागते. भांडणाचे कागद माणूस मोठ्या निगुतीने ठेवतो. भाऊबंदकीची दप्तरे चाळलेल्या मराठी वाचकाला हे वेगळे सांगायला नको.

माल होता तांबडे सूत. स्कॉटलंडमध्ये लॉमंड सरोवरातून लेव्हन नावाची नदी निघते. तिच्या काठी सूत आणि कापड पक्क्या तांबड्या रंगात रंगवण्याचे मोठमोठे कारखाने उभे राहिले होते. या रंगाचे नाव ‘टर्की रेड’, कारण कृती पूर्वेकडून युरोपात गेलेली. जुनी कृती वाचताना नाकाला रुमाल लावावासा वाटतो : मंजिष्ठेच्या जातीच्या मुळ्या, खवट तेल, तुरटी, मेंढ्यांचे शेण, बैलाचे रक्त. एवढ्या सगळ्यातून जो रंग निघे तो धुण्याने जात नसे, उन्हाने विटत नसे. असे रंग आपल्या लोकांना आवडणार हे ओळखायला ज्योतिषी लागत नव्हता. या कारखान्यांची जुनी नमुन्यांची बाडे आज एडिंबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत, सुमारे दोनशे. त्यांत कोयऱ्या आहेत आणि मोर तर पानोपानी आहेत. स्कॉटलंडच्या पावसात हे मोर काढायला कारागीर बसत आणि त्यांचे कापड आगबोटीने हिंदुस्थानात येई. या प्रसंगातली मौज कागदोपत्री कुठेही नोंदलेली नाही, पण नमुन्याचे पान उलटले की ती दिसतेच.

ऑर युइंग हे या नदीकाठचे एक बडे कारखानदार. त्यांचे सूत मुंबईला आणि एडनला जाई. प्रत्येक गठ्ठ्यावर त्यांचे तिकीट असे आणि तिकिटावर दोन हत्ती. पुढे जॉन्स्टन नावाच्या दुसऱ्या व्यापाऱ्यांनी त्याच बाजारात तसलेच सूत पाठवायला सुरुवात केली आणि आपल्या तिकिटावर काय छापावे? दोन हत्ती. आता या दोन तिकिटांत फरक होते. शेजारी शेजारी ठेवून पाहिली तर डोळस माणसाला ते कळत, आणि कंपन्यांची नावे तर इंग्रजीत छापलेलीच होती. जॉन्स्टन यांच्या बाजूने बोलायला मुद्दा अगदी चोख होता : हत्ती काय तुमच्या बापाचे आहेत? हिंदुस्थानात पाठवायच्या मालावर हत्ती छापणारे तुम्ही एकटेच का?

या प्रश्नाला उत्तर मिळाले ते लंडनहून नाही, बाजारातून. ऑर युइंग यांच्या सुताला गिऱ्हाइकांनी स्वतःच एक नाव दिले होते. कारखानदाराचे नाव कुणाच्या जिभेवर बसत नव्हते आणि ते बसवायची गरजही नव्हती. तिकिटावर दोन हत्ती, म्हणून सूत ‘दोन हत्ती’. अहवालात हे नाव इंग्रजी अक्षरांत ‘भे हाथी’ असे पडले आहे. मुंबईत राहिलेला कुणीही ते गुजराती ‘बे हाथी’ म्हणूनच वाचील. लॉर्डांनी इथेच बोट ठेवले. दलाल फसणार नाही, आडत्या फसणार नाही, त्यांना दोन्ही घराणी ठाऊक. पण हे सूत शेवटी ज्याच्या हाती जाते त्याला इंग्रजी वाचता येत नाही, त्याच्यासमोर दोन तिकिटे शेजारी शेजारी मांडलेलीही नसतात. तो दोन हत्ती मागतो. दुकानदाराने कोणतेही दोन हत्ती पुढे केले तरी मागणी पुरी झालीच. म्हणून जॉन्स्टन यांनी हे तिकीट वापरू नये. अपील न्यायालयाने १८८० मध्ये हेच म्हटले होते, लॉर्डांनी त्यावर शिक्कामोर्तब केले.

जरा थांबून या निकालाकडे पाहा. ज्या विणकराची फसगत होईल म्हणून एवढा खल झाला, तो या खटल्यात पक्षकार नव्हता. त्याने ठेवलेल्या नावावर मात्र निकाल फिरला. म्हणजे हत्ती छापले स्कॉटलंडच्या मालकाने, पण ते कुणाचे हे ठरवले सूत विकत घेणाऱ्याने. त्या काळच्या राज्यकारभारात हिंदी रयतेचे मत एवढ्या गांभीर्याने ऐकून घेतल्याची उदाहरणे फार नाहीत, आणि जे ऐकले ते हत्तींच्या बाबतीत!

पुढचा दुकानातला प्रसंग मी निकालपत्रातूनच उभा करतो आहे, त्यामुळे तो तर्क म्हणूनच घ्यावा. विणकर गादीसमोर बसतो. काठासाठी तांबडे सूत हवे आहे. दुकानदार गठ्ठा पुढे सरकवतो. विणकर सुताकडे नंतर पाहतो, आधी तिकिटाकडे. हत्ती दोनच आहेत ना? असले तर ठीक. एक असला तर माल वेगळा, तीन असले तर दुकानदार वेगळा. इतकी साधी, इतकी कडक परीक्षा. लिहिता-वाचता न येणारा माणूस आकडे मोजतो, आणि चित्र किती सुबक आहे याच्याशी त्याला काही कर्तव्य नसते.

हा व्यवहार मँचेस्टरच्या लोकांना चांगलाच कळला होता. तिथून येणाऱ्या कापडाच्या प्रत्येक ताग्यावर असे झगमगीत छापील तिकीट असे, आणि बाजारात त्याला कुणी तिकीट म्हणत, कुणी टिका, कुणी छाप. ब्रिटनमध्ये व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा कायदा १८७५ मध्ये झाला. पण सुती मालाच्या चिन्हांनी नोंदणी खात्याला अगदी जेरीला आणले. एकासारखे दुसरे, दुसऱ्यासारखे तिसरे. सिंह, वाघ, घोडे यांची झुंबड. कोणता सिंह नवा आणि कोणता चोरीचा हे ठरवायला मँचेस्टरमध्ये जाणकारांची एक समिती बसवावी लागली. प्रतिष्ठित गिरणीमालक आणि व्यापारी टेबलाभोवती बसून शेपट्यांची तुलना करताहेत, हे दृश्य कुणी रंगवायला हवे होते. १९०५ च्या ब्रिटिश कायद्यात तर स्पष्टच लिहिले गेले की सुती कापडासाठी नुसत्या शब्दांचे चिन्ह नोंदता येणार नाही. म्हणजे साबणवाल्याला, मद्यवाल्याला शब्द चालेल. कापडवाल्याने मात्र चित्रच काढायचे. हिंदुस्थानात १८८९ च्या मालावरील चिन्हांच्या कायद्याने ताग्यावर त्याची लांबी वारांत, इंग्रजी आकड्यांत ठळक छापण्याची सक्ती केली. गिऱ्हाइकाला वाचता येत नाही असे लंडनचे न्यायाधीश म्हणत होते, आणि गिऱ्हाईक फसू नये म्हणून त्याच्या कापडावर इंग्रजी आकडे छापले जात होते. दोन्ही गोष्टी एकाच साम्राज्यात, सात वर्षांच्या अंतराने.

आता एक सावधगिरीची सूचना, कारण या विषयावर लिहिणाऱ्यांकडून ती हमखास सुटते. कापडाच्या तिकिटांचे संग्रह आज आहेत. बंगळूरच्या म्यूझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफीकडे तर उत्तम आहेत. ते पाहिले की कृष्ण, लक्ष्मी, गणपती, राम यांची रेलचेल दिसते. त्यावरून कुणीही म्हणेल की मँचेस्टरने देव विकून धंदा केला. केला, यात शंका नाही. पण देवांचे कागद का उरले याचाही विचार करावा. तागा फाडला, लुगडे नेसले, विरले, त्याची गोधडी झाली. पण तिकिटावरच्या लक्ष्मीचे काय करायचे? तिला केरात टाकता येत नाही. मग ती देवघरात जाते, नाहीतर ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटते आणि शंभर वर्षे तिथेच हसत उभी राहते. घोड्याला असला विमा नव्हता. घोडा, उंट, आगगाडी, घड्याळ ही तिकिटे सरळ केरात गेली. तेव्हा संग्रहालयात देव जास्त म्हणून बाजारातही देवच जास्त, असा हिशेब मांडणे मला पटत नाही. कोर्टाच्या कागदांत तर प्राणीच डोके वर काढतात. पुरावा कुणी उरवला, हे पाहिल्याशिवाय पुराव्यावर बोलू नये.

देवांच्या छपाईत आपले लोकही मागे नव्हते. पुण्याची चित्रशाळा १८७८ पासून देवादिकांची आणि पेशव्यांची रंगीत चित्रे छापत होती. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये गिरगावात छापखाना काढला. पुढे तो घाटकोपरला आणि मग लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. नव्या शतकाच्या सुरुवातीला तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्यापूर्वी काही काळ याच छापखान्यात होते. चित्रे घरोघर गेली, आणि घरी गेल्यावर त्यांचे खरे आयुष्य सुरू झाले. छापील लक्ष्मीच्या साडीवर खरी जरी चिकटवली गेली, सरस्वतीला टिकल्यांचे दागिने घातले गेले, कुठे कापडाचीच साडी कापून नेसवली गेली. चित्रकाराने तैलरंगात रेशमाचा भास निर्माण करण्यासाठी जीव टाकावा आणि माजघरातल्या काकूंनी ‘नुसता भास काय कामाचा’ म्हणून खरे रेशीम लावावे, यात कुणाची कला सरस हे मी ठरवणार नाही. अशा नटवलेल्या प्रती आज संग्राहक साध्या प्रतींइतक्याच हौसेने घेतात.

या चित्रांचा पुढचा प्रवास जास्त मजेचा आहे. जपानमध्ये उंचवट्याच्या रेघांच्या, झिलईदार रंगीत फरश्या बनत. आवाजी बेटावरचा दान्तो कारखाना त्यांत नावाजलेला. १९२० आणि १९३० च्या दशकांत या फरश्या हिंदुस्थानात मोठ्या प्रमाणावर येऊ लागल्या. आधी फुले, वेलबुट्ट्या. आणि मग थेट रविवर्म्याच्या छापांवरून घेतलेले आपले देव. चेट्टीनाडच्या हवेलीसारख्या घरांत, राजस्थानात शेखावटीत त्या भिंतींवर बसलेल्या आजही दिसतात. म्हणजे त्रावणकोरच्या चित्रकाराने रंगवलेली, मुंबईत आणि मळवलीत जर्मन यंत्रांवर छापलेली, जपानी मातीत भाजलेली सरस्वती आगबोटीने परत हिंदुस्थानात येते आणि सावकाराच्या ओसरीवर वीणा वाजवत बसते. तिच्या चेहऱ्यावर या सगळ्या प्रवासाची थोडीफार छाया पडते. डोळे किंचित तिकडचे वाटतात, पण पूजेला काही अडत नाही.

मुंबईकरांनी देवांच्या फरशीचा जो उपयोग शोधला तो जपानी कारागिरांच्या स्वप्नातही आला नसेल. चाळीच्या, कचेरीच्या जिन्याच्या कोपऱ्यात, पान खाऊन पिंक टाकणाऱ्याचा नेम जिथे बसतो नेमक्या त्या उंचीवर, गणपती, साईबाबा, येशू, मक्का अशा फरश्या ओळीने बसवल्या जातात. पाटीला न जुमानणारा माणूस फरशीला वचकतो. सर्वधर्मसमभाव इतक्या अल्प खर्चात दुसरीकडे कुठे साधलेला मला माहीत नाही.

तिकिटांवरचे प्राणी मात्र देशी कारखानदारांनी उचलले, आणि तेही जुन्याच नियमाने : प्राण्याचा मालाशी संबंध असलाच पाहिजे असे नाही, तो तोंडी बसला पाहिजे. १९३१ मध्ये मुंबईत दांडेकरांनी शाईचा धंदा सुरू केला तेव्हा शाईच्या पुडीवर घोडा होता, मग उंट आला आणि तोच पुढे कॅम्लिनच्या रूपाने मराठी मुलांच्या कंपासपेटीत शिरला. उंटाचा आणि शाईचा काय संबंध, असे वर्गात कुणी विचारल्याचे ऐकिवात नाही. माकड छाप काळे दंतमंजन लावणाऱ्या पिढीलाही त्या माकडाचा पाणउतारा वाटला नाही. ही सगळी मंडळी थेट त्या स्कॉटिश हत्तींची वारस आहेत.

प्राणी तक्रार करीत नाहीत आणि देव सोसतात. माणसाचे चित्र छापले की प्रकरण निराळे होते. याचा उत्तम कागद १२ जानेवारी १९२१ च्या ‘यंग इंडिया’त आहे. एका मित्राने गांधीजींना एक लेबल पाठवले. त्यावर त्यांचेच चित्र होते आणि माल होता ‘महात्मा गांधी सिगारेट’. धूम्रपानाला व्यसन समजणाऱ्या, दारूइतकीच तंबाखूची शिसारी असणाऱ्या माणसाचे चित्र सिगारेटच्या पाकिटावर! गांधीजींनी त्यावर टिपण लिहिले. आपल्या नावाचे जेवढे दुरुपयोग झाले त्यांत हा सर्वांत अपमानास्पद, असा त्याचा आशय आहे. आपण कुणालाही परवानगी दिलेली नाही, कंपनीने ही लेबले मागे घ्यावीत, न घेतल्यास लोकांनी असली पाकिटे घेऊ नयेत, असे त्यांनी लिहिले. असहकाराची चळवळ ऐन भरात होती. सरकारी पदव्या, कोर्टे, शाळा यांच्यावरच्या बहिष्काराच्या यादीत खुद्द गांधीजींच्या सिगारेटचीही भर पडली. कारखानदाराच्या डोक्यातला हिशेब मात्र मला अगदी स्वच्छ दिसतो. गिऱ्हाईक ‘दोन हत्ती’ मागते, तसे ते आता ‘गांधी’ मागते. मग द्या गांधी.

हा हिशेब पुढे इतका पसरला की स्वातंत्र्यानंतर त्यासाठी कायदाच करावा लागला. बोधचिन्हे आणि नावे यांच्या अनुचित वापराला प्रतिबंध करणारा १९५० चा कायदा आजही लागू आहे. राष्ट्रध्वज, राजमुद्रा यांच्याबरोबर त्याच्या परिशिष्टात, दुरुस्त्यांनंतर, छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंडित नेहरू, इंदिरा गांधी आणि पंतप्रधान यांची नावे व चित्रे येतात. व्यापारात ती वापरायची नाहीत. सरकारी भाषेतले हे कलम कोरडे आहे, पण त्याच्या शेवटी एक अपवाद जोडलेला आहे आणि तो मला सगळ्या परिशिष्टात प्रिय आहे : कॅलेंडरांवर ही चित्रे चालतील, फक्त त्यावर कॅलेंडर काढणाऱ्याचे आणि छापणाऱ्याचेच नाव असावे, आणि मालाच्या जाहिरातीसाठी ते वापरू नये. विचार करा. देशाची बोधचिन्हे जपायला बसलेल्या लोकांना भिंतीवरचे कॅलेंडर आठवले! ते आठवले यातच सगळे आले. तोपर्यंत नेत्यांची कॅलेंडरे इतक्या घरांत लटकत होती की त्यांना हात लावणे कायद्यालाही शक्य नव्हते. फुकट कॅलेंडर वाटणाऱ्या किराणा दुकानदाराला मात्र या अपवादाचा काही उपयोग नाही, कारण त्याच्या कॅलेंडरावर तेलाचा डबा आला की महाराज गेले.

परिशिष्टात संभाजी महाराजांचे नाव नाही. त्यामुळे ‘संभाजी बिडी’ अनेक दशके राजरोस विकली गेली. लोकांनीच आंदोलने केली तेव्हा २०२० मध्ये नाव बदलण्याचा निर्णय जाहीर झाला आणि ती ‘साबळे बिडी’ झाली. इथेही शेवटचा शब्द गिऱ्हाइकाच्या बाजूनेच आला, १८८२ सारखा. फरक एवढाच की या वेळी प्रकरण लॉर्डांपर्यंत न्यावे लागले नाही.

एक विनंती. गावाकडचे घर आवरताना जुनी ट्रंक, फडताळ किंवा देव्हाऱ्याची मागची फळी निघाली आणि तिला आतून एखादे तिकीट चिकटलेले दिसले, तर ते ओले करून सोलायला जाऊ नका, फाटेल. आहे तिथेच त्याचा चांगला फोटो घ्या. ट्रंक कुणाची, कोणत्या गावची, साधारण कोणत्या सालची हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवा. आणि तिकिटावर देव नसून घोडा, उंट किंवा आगगाडी असेल तर दुप्पट काळजी घ्या. तशी फार थोडी उरली आहेत.